डावा मागचा खिसा

मी अख्खी पँट कधीच शिवली नाही.
एकोणीस वर्षं डावा मागचा खिसा, बस्स.
उजवा पुसेलेत्सोकडे.
मधे हातभर जागा, आणि बोलायची मनाई.

दिवसाला आठशे.
समुद्रापलीकडच्या कुणाच्या पाकिटाला, कुणाच्या कंगव्याला
मी आठशे वेळा जागा करून दिली.

मापुत्सोत कारखाना आला तेव्हा
बाप नुकताच खाणीतून परतला होता.
परतला म्हणजे परत पाठवला.
सोन्याचा भाव उतरला होता, त्याची फुप्फुसं भरली होती.
एक पत्र्याची ट्रंक, एक घोंगडी.
झोपेत खाणीतल्या मोडक्यातोडक्या बोलीत
तो मुकादमाला उत्तरं द्यायचा.
आई म्हणाली, चला, आता बायकांची पाळी.

फाटकाच्या गजांतून श्रीयुत लिआओ
आमचे हात बघायचे:
बोटं मिटा, उघडा, मिटा.
गुरांच्या बाजारात दात बघतात तसं.
(हे मी तेव्हा म्हटलं नाही.
तेव्हा मला नोकरी लागली होती.)

खोटं कशाला बोलू?
त्या खिशांतूनच घरावर पत्रा चढला,
मोखेलेची फी गेली, बापाचं औषध आलं.
गल्लीत भाड्याच्या चार खोल्या, मग अकरा,
मग कोंबडीचे पाय तळणारी, वेण्या घालणारी,
हप्त्याने मोबाइल विकणारा एक लंगडा पोरगा.
आमच्या पगारावर एक गावच उभं राहिलं,
दर महिन्याच्या पंचविशीला आडवं पडणारं.

ओढा तेवढा बिघडला.
मंगळवारी निळा, शुक्रवारी काळा.
पोरं पाणी बघून सांगायची
आत कुठली ऑर्डर चालू आहे.

मग एक आकडा आला.
दूर कुठेतरी जकात बदलली, टक्क्यांत.
टक्का म्हणजे शंभरातला एक, एवढं शाळेत शिकवलं होतं;
तो एक म्हणजे मी, हे नव्हतं शिकवलं.
श्रीयुत लिआओ आता म्हातारे.
जेवणाच्या सुट्टीत बाकावर चढून
पहिल्यांदाच आमच्या भाषेत बोलले:
कापड नाही. जहाज नाही.
पुढचं एक वाक्य त्यांच्या भाषेत गेलं,
ते कुणालाच कळलं नाही.

मशिनं ट्रकमध्ये चढली. माझंही.
त्याच्या पायट्यावर माझ्या टाचेएवढा खळगा पडला आहे.
कुठल्याशा देशात हात आणखी स्वस्त आहेत म्हणे.
तिथल्या पोरीची टाच बसेल का त्यात?

मोखेले आता पुलापलीकडे जातो,
फिक्सबर्गला, शतावरीचे कोंब खुडायला.
आमच्या धरणाचं पाणी डोंगराखालून, बोगद्यातून
त्याच देशात जातं.
त्याला शिक्का लागत नाही.
मोखेलेला लागतो. चार तास रांग.
परवा म्हणाला, आई, आजोबाही याच पुलावरून गेले का?
मी म्हटलं, भात गार होतोय.
भात नव्हताच. मक्याची पापा होती.

शनिवारी बाजारात गाठोडं फोडलं.
परदेशचे जुने कपडे, ढिगाने.
पँटी उलटसुलट करताना हात थबकला.
डावा मागचा खिसा.
वरच्या कोपऱ्यात टाका फिरवताना मी जरा कलते,
त्यापायी दोनदा पगार कापला गेला होता.
तसाच कललेला टाका.
माझा असेल. नसेलही,
कलणाऱ्या बाया काय कमी होत्या?
आत बोट घातलं तर
धुऊन धुऊन गोळा झालेला एक कागद,
तिकीट असेल, नाहीतर कुणाचं पत्र.
उलगडेना.

केवढ्याला?
एकशेवीस.
माझी दिवसाची मजुरीही एवढी नव्हती.
नव्वद देते, म्हटलं.

विकणारीने पँट ओढून घेतली, झटकली,
आणि माझ्याच डोळ्यांसमोर धरली:
मावशी, माल अमेरिकेचा आहे.
शिवण तरी बघा.